माळव्याची रात्र आणि नवी घरे : धार-देवास परिसरातील ऊर्जाबचतीच्या बांधणीचा आढावा

इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास ही पवारांची जुनी राजधानीची गावे गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली आहेत. धार जिल्ह्यात पीथमपूरचे कारखाने आणि त्यांच्याभोवतीच्या कामगारवस्त्या, देवासला औद्योगिक क्षेत्र आणि त्याला लागून उठलेल्या कॉलन्या, आणि दोन्ही गावांच्या जुन्या पेठांत वाडे पाडून उभे राहणारे तीन-चार मजली सिमेंटचे सांगाडे अशी ही वाढ आहे. या इमारती पन्नास-साठ वर्षे वापरात राहतील, आणि त्यांना थंड वा उबदार ठेवण्यासाठी लागणाऱ्या विजेचा मोठा भाग नकाशावर पहिली रेघ ओढली जाते तेव्हाच ठरून जातो. नंतर बसवलेले कोणतेही यंत्र त्या रेघेची चूक फक्त अंशतः भरून काढते. म्हणून नव्या इमारतींच्या ऊर्जाकार्यक्षम आराखड्याचा, म्हणजे कमीत कमी विकतची ऊर्जा खर्चून माणसाला सुसह्य वाटेल अशा बांधणीचा, विचार या दोन गावांपुरता सलगपणे करणे अगत्याचे आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन दिल्ली, अहमदाबाद किंवा मुंबई डोळ्यांपुढे ठेवून झालेले असून माळव्याचे हवामान यांपैकी कोणत्याही शहराशी पुरते जुळत नाही.

दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहेत. मे महिन्यात दुपारचा पारा चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असतो, परंतु पहाटे तो पंचविशीपर्यंत उतरतो. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानांतील या फरकाला दैनिक तापमानकक्षा म्हणतात, आणि कोरड्या महिन्यांत ती येथे पंधरा अंशांच्या घरात असते. जूनच्या उत्तरार्धात पावसाळा सुरू होतो, हवा दमट होते आणि ही कक्षा आकसते. जानेवारीत दुपार पंचविशीच्या थोडी वर तर पहाट दहा अंशांच्या आसपास असते. उत्तर हिंदुस्थानात बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या जोडीने माळव्याची रात्र, म्हणजे ‘शबे मालवा’, वाखाणली जाते ती उगाच नव्हे. क्षयाने आजारी पडलेले गायक कुमार गंधर्व १९४०च्या दशकाच्या अखेरीस देवासला येऊन राहिले तेही तेथील कोरड्या हवेसाठीच. लोकांच्या बोलण्यात मुरलेला हा गुण स्थापत्याच्या भाषेत मांडायचा तर असे म्हणता येईल, की उन्हाळ्यातही या पठारावर दररोज रात्री फुकट मिळणाऱ्या थंडाव्याचा मोठा साठा असतो, आणि नव्या इमारतीचे यशापयश तो साठा तिला घरात घेता येतो की नाही यावर अवलंबून राहते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, शीत आणि यांपैकी कोणताही एक प्रकार सहा महिने टिकत नाही असा संमिश्र. इंदूरची गणना संमिश्र विभागात होते आणि त्याच्या दोन अंगांना असलेली धार व देवास त्याच विभागात येतात. वर्गीकरण चुकीचे नाही, पण ते दिल्ली आणि माळवा यांना एकाच कप्प्यात टाकते. दिल्लीत जूनची पहाट अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते आणि माळव्यात ती त्याहून तीन-चार अंशांनी थंड असते. रात्रीच्या वाऱ्याने भिंती गार करण्याचा जो उपाय दिल्लीत जूनमध्ये जवळजवळ निरुपयोगी ठरतो तो येथे पाऊस लागेपर्यंत चालतो, आणि विभागवार नियमांच्या कोष्टकांत हा फरक कोठेही दिसत नाही.

माणसाला किती तापमान सोसवते, या प्रश्नाचे उत्तरही गेल्या काही वर्षांत बदलले आहे. वातानुकूलित कार्यालयांसाठी परदेशांत ठरलेले आकडे पूर्वी सर्वत्र लावले जात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय शहरांतील पाहणीवरून तयार झालेले आणि २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वीकारले गेलेले प्रतिमान मात्र असे सांगते, की नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत लोकांना सुखकर वाटणारे तापमान बाहेरच्या हवेबरोबर सरकते. बाहेरच्या मागील तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ने गुणून त्यात १२.८३ मिळवले की ते तापमान मिळते. मे महिन्याची सरासरी बत्तीस अंश धरली तर घरातले सुखकर तापमान सुमारे तीस अंश येते, आणि नव्वद टक्के लोकांना चालेल अशी वरची मर्यादा साडेबत्तीसच्या जवळ जाते. याचा अर्थ असा, की धार-देवासच्या घराला उन्हाळ्यात चोवीस अंशांवर आणून ठेवणे हे आराखड्याचे उद्दिष्ट असण्याची गरज नाही. बाहेर चाळीस असताना आत बत्तीस राखता आले आणि डोक्यावर पंखा फिरत राहिला तर बहुसंख्य माणसांचे काम भागते, आणि हे आठ अंश कमावणे बांधणीच्या आवाक्यातले आहे.

या आवाक्याची साक्ष धार जिल्ह्यातच उभी आहे. अकराव्या शतकात धारेच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय असून त्यात धारागृह, प्रवर्षण, जलमग्न अशा जलगृहांच्या प्रकारांचे वर्णन येते; ती राजविलासाची साधने होती हे खरे, तरी फवाऱ्याच्या आणि झिरपत्या पाण्याच्या सान्निध्यात हवा गार करण्याची कल्पना त्या काळच्या वास्तुविचारात पक्की रुजली होती एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. मांडूचा जहाज महाल पंधराव्या शतकात मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मध्ये उभा राहिला आणि दोन्ही अंगांनी पाण्यावरून येणारा वारा त्याच्या दालनांतून आरपार जाऊ शकतो. राजवाड्याच्या आवारातील चंपा बावडीभोवती जमिनीखाली दालने आहेत, आणि मातीच्या व विहिरीतल्या पाण्याच्या सोबतीने ती भर उन्हाळ्यातही वरच्या मजल्यांपेक्षा स्पष्टपणे थंड राहतात. गच्चीवरचे पाणी पन्हाळींतून टाक्यांत व हौदांत वळवण्याची मांडूतील व्यवस्था पाहिली की डोंगरावरच्या त्या नगरात पाणी आणि थंडावा हे एकाच आराखड्याचे भाग होते हे लक्षात येते. नंतरच्या मराठी अमदानीतील चौकाचे वाडे, जाड भिंती, पडवी आणि कवेलूचे छप्पर यांची परंपरा सामान्य माणसाच्या अधिक जवळची आहे. वाड्याचा चौक रात्री आकाशाकडे उष्णता सोडून गार होतो, जड झालेली थंड हवा त्यात साचते आणि सकाळपर्यंत भोवतीच्या खोल्यांत पसरते. जुन्या इमारतींचे गुणगान करताना हेही सांगितले पाहिजे, की त्यांचे मोठे क्षेत्रफळ, हाताशी असलेले नोकरचाकर आणि दिवसभरात खोल्या बदलत राहण्याची सवय आज उरलेली नाही. तीस फूट रुंदीच्या भूखंडावर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असताना वाड्याची नक्कल करता येत नाही. त्यातला रात्रीचा थंडावा पकडण्याचा व्यवहार तेवढा उचलता येतो.

नव्या बांधणीत पहिला निर्णय दिशेचा. देवासच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे चव्वेचाळीस अंशांवर, मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी सदुसष्ट अंशांवर आणि जूनमध्ये जवळजवळ थेट डोक्यावर असतो. धारचे आकडे यांहून अर्ध्या अंशानेही वेगळे नाहीत. दक्षिणेच्या भिंतीतील खिडकी १.२ मीटर उंच असेल आणि तिच्या माथ्यालगत ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा असेल तर विषुवदिनी दुपारी छज्ज्याची सावली १.४ मीटर खाली उतरते, म्हणजे सगळी काच झाकली जाते, आणि डिसेंबरात ती सावली ५८ सेंटिमीटरवर थांबल्याने खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन घरात येते. साध्या दोन फुटी छज्ज्याने उन्हाळ्यात ऊन अडते आणि हिवाळ्यात आत येते, आणि त्याला वीज वा देखभाल लागत नाही. पश्चिमेची गोष्ट वेगळी आहे, कारण संध्याकाळचा सूर्य क्षितिजालगत असल्याने तो कोणत्याही आडव्या छज्ज्याखालून आत शिरतो. तेथे उभ्या पडद्या, पडवी, जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली ठेवणे आणि शक्य असेल तर कडुनिंबासारखे दाट झाड लावणे हाच उपाय उरतो. कर्कवृत्ताच्या जवळ असल्यामुळे मे ते जुलै या काळात उत्तरेच्या भिंतीवरही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन पडते, हे आराखडा काढणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात राहत नाही. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी हा सर्वमान्य नियम मोकळ्या भूखंडावर पाळता येतो. कॉलनीत रस्त्याची दिशाच घराची दिशा ठरवत असल्याने हा निर्णय वास्तुविशारदाच्या आधी वस्तीचा नकाशा करणाऱ्याच्या हातात असतो, आणि तेथे या दृष्टीने फारसा विचार होत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

एक-दोन मजली घरांत उष्णतेचा सर्वांत मोठा मार्ग छप्पर हा आहे. मे महिन्यात भर दुपारी सपाट गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास सौरऊर्जा कोसळते. एखाद्या थरातून उष्णता किती सहज जाते ते यू-मूल्याने मोजतात, म्हणजे दोन बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते ते मोजतात. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचे हे मूल्य तीनच्या वर असते, तर निवासी इमारतींसाठीच्या इको-निवास संहितेने छपराला १.२ची कमाल मर्यादा घातली आहे. काळवंडलेली गच्ची उन्हात पासष्ट अंशांपर्यंत तापली आणि आतली हवा पस्तीसवर असली तर शंभर चौरस मीटरच्या उघड्या स्लॅबमधून ढोबळ हिशेबाने दहा किलोवॅट उष्णता घरात उतरू पाहते. ती उपसायला सुमारे तीन टनांचे वातानुकूलन यंत्र लागेल. मर्यादेत बसणाऱ्या छपरातून हाच प्रवाह साडेतीन किलोवॅटच्या आसपास येतो. विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा कोबा हा या भागातील गवंड्यांना ठाऊक असलेला उपाय गळती थांबवतो, वजन वाढवतो आणि उष्णता उशिरा आत सोडतो, पण एकट्याच्या बळावर तो ही मर्यादा गाठत नाही. स्लॅबच्या वर पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा दाट फोमचा उष्णतारोधक थर, त्यावर कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या फरशांचा थर अशी रचना ती गाठते. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच हवा, खाली नव्हे, कारण खाली लावल्यास काँक्रीट दिवसभर तापून राहते आणि रात्रीच्या वाऱ्याला ते वस्तुमान मिळतच नाही. पांढऱ्या छपराचा उपाय याहून कितीतरी स्वस्त आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१७मध्ये आणि तेलंगण राज्याने २०२३च्या धोरणाने तो सार्वजनिक कार्यक्रम म्हणून उचलला आहे. चुन्याचा हात दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा द्यावा लागतो आणि धुळीने पांढरेपणा उतरतो, पण ज्या घराला दुसरे काही परवडत नाही त्याला एवढेही पुष्कळ आहे.

भिंत आणि काच यांचा हिशेब २०१८च्या इको-निवास संहितेने एका आकड्यात एकत्र केला आहे. या आकड्याला निवासी आवरणाचे ऊष्मा-संक्रमण मूल्य म्हणतात, आणि तो प्रति चौरस मीटर १५ वॅटच्या आत असावा असा नियम आहे. संमिश्र विभागासाठी त्याच्या सूत्रात भिंतीच्या यू-मूल्याला ६.०६, काचेच्या यू-मूल्याला १.८५ आणि काचेतून शिरणाऱ्या उन्हाला ६८.९९ असा भार आहे. काचेतून येणारे ऊन हा या हवामानातील खरा शत्रू आहे, हे त्या तीन आकड्यांवरून पुरते कळते. दिशेचा गुणक एक धरून एक उदाहरण घेता येईल. नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य दोन, बाह्य आवरणाचा पंधरा टक्के भाग साध्या काचेच्या खिडक्यांचा, आणि खिडक्यांवर छज्जा नाही, अशा घराचा आकडा वीसच्या थोडा वर जातो. त्याच खिडक्यांवर पुरेशी सावली आणली तर तो सतराच्या आसपास येतो, आणि त्याबरोबर विटेऐवजी हवेच्या बुडबुड्यांनी हलके केलेले काँक्रीटचे ठोकळे वापरून भिंतीचे यू-मूल्य ०.८वर आणले तर अकराच्या खाली उतरतो. खिडक्यांचे क्षेत्र पंधराऐवजी पस्तीस टक्के केले की सावली असूनही हा सगळा फायदा वाहून जातो. देवास किंवा पीथमपूरच्या रस्त्यांवर अलीकडे उठणारे पूर्ण काचेचे दर्शनी भाग म्हणूनच विशेष चिंतेचे आहेत. त्यांच्या आत वर्षाचे नऊ महिने यंत्र चालवल्याशिवाय बसता येत नाही, आणि वीज गेली की इमारत तासाभरात निकामी होते.

हलके ठोकळे की जड वीट, हा वाद येथे सुरू होतो, आणि माळव्यापुरता तो महत्त्वाचा आहे. हलका ठोकळा उष्णता रोखतो पण साठवत नाही. जड वीट, दगड किंवा काँक्रीट उष्णता सावकाश आत सोडते आणि साठवते. दिवसभर थंड राहिलेली जड भिंत संध्याकाळी खोलीतली उष्णता शोषते, परंतु तिला रात्री गार होऊ दिले नाही तर तीच भिंत रात्रभर तापलेला श्वास सोडत राहते, आणि नऊ इंची भिंतीत उष्णतेला आरपार यायला सात-आठ तास लागत असल्याने पश्चिमेच्या खोल्या ऐन झोपेच्या वेळी तापतात. रात्रीच्या वायुवीजनाचा हिशेब फार अवघड नाही. तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत दर तासाला दहा वेळा हवा बदलली आणि बाहेरची हवा भिंतींपेक्षा सरासरी पाच अंशांनी थंड असली तर तासाला सुमारे ०.६ किलोवॅट-तास उष्णता बाहेर जाते. आठ तासांत ती पावणेपाच किलोवॅट-तासांच्या आसपास होते. विटेच्या भिंतींचे आतले दहा सेंटिमीटर तेवढ्याने अडीच-तीन अंशांनी गार होतात, आणि दीड टनाच्या यंत्राने जवळपास तासभर पूर्ण क्षमतेने चालून जेवढी उष्णता उपसली असती तेवढे काम वीज न जाळता होते. दररोज, सबंध उन्हाळाभर मिळणारा हा लाभ भिंत आतून जड असेल तरच मिळतो. यावरून या पठारासाठी योग्य ठरणारी रचना अशी, की उष्णतारोध बाहेर आणि वस्तुमान आत असावे : आतली चार इंची वीट, मधली पोकळी किंवा फोम, आणि बाहेर पुन्हा चार इंची वीट अशी दुपदरी भिंत, किंवा राखेच्या विटेला बाहेरून उष्णतारोधक गिलावा. जेथे खोलीत वातानुकूलन नक्की लावायचेच आहे आणि ती फक्त रात्री वापरायची आहे तेथे मात्र हलका ठोकळा सरस ठरतो, कारण यंत्राला भिंतीचे ओझे थंड करावे लागत नाही. सबंध इमारतीला एकच साहित्य वापरण्याच्या सवयीमुळे हा भेद आजवर फारसा कोणी पाळलेला नाही.

वाऱ्याची साथ या भागाला आहे. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वारा वाहतो, आणि देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या त्याची जाहीर खूण आहेत. संमिश्र विभागात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र वापरयोग्य जमिनीच्या किमान साडेबारा टक्के असावे असे इको-निवास संहिता सांगते, परंतु सरकत्या काचेच्या खिडक्यांत निम्मेच क्षेत्र प्रत्यक्ष उघडते, ही गोष्ट ठेकेदाराच्या नकाशात लपून जाते. त्याहून मोठी अडचण अशी, की रात्री खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे. चोरीची भीती, डास, मांजरे, उडती धूळ आणि पहाटेचा अवकाळी शिडकावा यांमुळे लोक रात्री खिडक्या लावून घेतात, आणि मग फुकटचा सगळा थंडावा घराबाहेर राहतो. रात्रीचे वायुवीजन हा म्हणूनच गजांचा, जाळीचा आणि पावसाळी छज्ज्याचा प्रश्न आहे. पाहण्यासाठी आणि उजेडासाठी मोठी काच, तर हवेसाठी तिच्या वर किंवा शेजारी लोखंडी गज, डासांची जाळी आणि आतून बंद करता येणारे लाकडी झापड असलेला स्वतंत्र झरोका अशी फारकत केली की घर कुलपात असतानाही रात्रभर हवा खेळते. जिन्याच्या माथ्यावर जाळीची तोंडे ठेवली तर तापलेली हवा तेथून वर निघून जाते आणि खालच्या झरोक्यांतून थंड हवा ओढली जाते. वाड्याच्या चौकाचे काम अरुंद भूखंडावर असा जिना बऱ्याच अंशी करू शकतो, आणि त्यासाठी येणारा जादा खर्च एखाद्या मध्यम वातानुकूलन यंत्रापेक्षा जास्त नसतो.

अल्प उत्पन्नाच्या वसाहतीतही हे साधता येते, याचे देशाने पाहिलेले उदाहरण या दोन गावांच्या मध्येच आहे. बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात इंदूरला आखलेली अरण्य वसाहत सुमारे ८५ हेक्टरांवर ६,५०० भूखंडांची आहे. अरुंद दर्शनी बाजूंची घरे लांबच्या भिंती शेजाऱ्याशी वाटून घेतात, त्यामुळे उन्हाला सामोरी जाणारी भिंत कमी होते. ओटे, बाहेरचे जिने आणि लहान मोकळ्या जागा सावली देतात आणि संध्याकाळी माणसांना घराबाहेर बसू देतात. १९९५मध्ये तिला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. तेथील रहिवाशांनी पुढे वाढवलेल्या मजल्यांनी काही सावल्या व काही वाटा बंद केल्या, आणि हा बदलही अभ्यासण्याजोगा आहे, कारण घर वाढणारच हे गृहीत धरून वाऱ्याची वाट राखणे हे नकाशापेक्षा अवघड काम आहे. याच इंदूरला, याच्या पन्नास वर्षे आधी, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने होळकरांसाठी बांधलेल्या माणिकबाग राजवाड्यात वातानुकूलन आले होते. श्रीमंताचे घर यंत्राने आणि गरिबाचे घर आराखड्याने थंड करावे अशी वाटणी त्या दोन इमारतींत पडलेली दिसते, आणि तीच वाटणी पुढेही चालू ठेवण्याचे काही कारण नाही.

पाण्याच्या साहाय्याने थंडावा मिळवण्याला येथे एक मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेऊन जाते. कोरड्या एप्रिल-मेमध्ये साधा कूलर म्हणूनच अत्यल्प विजेत उत्तम काम देतो, आणि पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने तो खोली ओली करण्यापलीकडे काही करत नाही. एक टनाच्या यंत्राएवढे काम करायला त्याला तासाला पाच लिटरांहून अधिक पाणी लागते, आणि ज्या देवासला १९९०च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावे लागले होते तेथे गावभर कूलर चालवण्याचा हिशेब विजेबरोबर पाण्याचाही झाला पाहिजे. पुढे या जिल्ह्यात शेततळ्यांची मोठी मोहीम झाली आणि नर्मदेचे पाणीही शहराला मिळाले, तरी घराच्या छपराचे पाणी साठवणारी टाकी नव्या नकाशात असणे हे थंडाव्याच्या आराखड्याचाच भाग समजावे लागेल. जमिनीतून नळ्या टाकून हवा थंड करण्याची पद्धत पुस्तकांत आकर्षक दिसते, कारण तीन-चार मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभराच्या सरासरीच्या जवळ स्थिर असते. परंतु दख्खनच्या बेसाल्टावर तयार झालेली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात नळ्यांचे सांधे निखळतात, खाली खडक लागला तर खोदकाम महागते. तळघराचेही तसेच. मांडूच्या खडकावर जे साधले ते काळ्या मातीवर जसेच्या तसे साधत नाही, म्हणून सामान्य घराने या वाटेला न जाता तोच पैसा छपरावर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

यंत्रांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. पंचाहत्तर वॅटच्या जुन्या पंख्याच्या जागी तीस वॅटच्या आसपासचा नवा पंखा हा सर्वांत लवकर वसूल होणारा खर्च आहे. पंख्यांवर तारांकन २०२३पासून सक्तीचे झाले आहे, आणि वातानुकूलन यंत्रांना सुरुवातीचे तापमान चोवीस अंश ठेवण्याचा नियम २०२०पासून लागू आहे. गच्चीवरील सौरविद्युत संचाला २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेने मोठे अनुदान दिले. एक किलोवॅटच्या संचाला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि तो दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. त्याची उंच उभारलेली तावदाने खालच्या स्लॅबला सावलीही देतात. मात्र तापलेल्या घराची भूक सौरविजेने भागवणे आणि घर मुळातच कमी तापेल असे बांधणे यांत दुसरा मार्ग स्वस्त आहे, आणि सूर्यास्तानंतरही चालू राहतो.

कायद्याची पकड मात्र नेमकी जेथे बांधकाम सर्वाधिक होते तेथेच सैल आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखालील व्यापारी इमारतींची संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींसाठी आहे, आणि इको-निवास संहिता २०१८मध्ये ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आखली गेली. धार-देवासमधील बहुतेक घरे याहून कितीतरी लहान भूखंडांवर उभी राहतात, म्हणजे वर सांगितलेले सगळे आकडे त्यांच्यापुरते केवळ सल्ल्याचे ठरतात. २०२२च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आणल्या आणि जोडभाराची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिला, त्यामुळे मध्य प्रदेशाला येथे स्वतःचा निर्णय घेता येईल. लहान घरांना सूत्रे आणि प्रमाणपत्रे लादणे व्यवहार्य नाही. परवानगीच्या नकाशात छपराचा थर, दक्षिणेचा छज्जा, पश्चिमेची काच आणि रात्री उघडा राहू शकणारा झरोका एवढ्या चार गोष्टी नगरपालिकेच्या अभियंत्याने तपासल्या तरी मोठा पल्ला गाठता येईल.

मोठ्या इमारतींत निर्णयाची संधी अजून हातची गेलेली नाही. धार जिल्ह्याच्या बदनावर तालुक्यात भैंसोला येथे केंद्राच्या पीएम मित्र योजनेतील वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२५मध्ये झाली, आणि पीथमपूरप्रमाणे तेथेही हजारो चौरस मीटरचे पत्र्याचे कारखाने आणि त्यांना लागून कामगारांची घरे उभी राहतील. उघड्या पत्र्याखाली दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या माणसावर वरून उष्णतेचा जो सतत मारा होतो तो मोठ्या पंख्यांनी कमी होत नाही. पत्र्याखाली चकचकीत परावर्तक थर व पाच सेंटिमीटर उष्णतारोधक, शिखरावर सलग वायुवीजनाची फट, आणि उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या करवती छपराला जूनच्या तिरप्या उन्हासाठी लहानसा छज्जा, हे बांधतानाच करता येते, कारखाना चालू झाल्यावर नाही. कामगारांच्या घरांत तर सध्या अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या पातळ भिंतींची पद्धत वेगासाठी पसंत केली जाते. अशा भिंतीचे यू-मूल्य तीनच्या वर असते, म्हणजे ती नऊ इंची विटेपेक्षाही वाईट, आणि तिच्यातल्या वस्तुमानाचा उपयोग बाहेरून उष्णतारोध दिला तरच होतो. केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पांपैकी इंदूरच्या प्रकल्पात १,०२४ घरे उष्णतारोधक गाभ्याच्या तयार पटलांनी बांधली गेली. ती पटले उष्णता रोखतात पण हलकी असल्याने रात्रीचा थंडावा धरून ठेवत नाहीत, आणि म्हणून भैंसोलासारख्या ठिकाणी त्यांच्या जोडीला काँक्रीटची जड जमीन, आतून उघडा जड स्लॅब आणि गजांचे झरोके यांची योजना करून दोन उन्हाळे आतली तापमाने नोंदवली तर माळव्यासाठी बांधकामाचे स्वतःचे कोष्टक तयार करायला लागणारी माहिती हाती येईल.